प्रवासाच्या दिवशी ती पाणी पीत नव्हती

"उठव तिले. आधी उठव. पूर्ण सीट गेली ना!"

ट्रॅव्हल्सच्या गाडीचा कंडक्टर माझ्यावर ओरडून राहिला होता. माझी बायको खिडकीकडं तोंड करून बसलेली. मान वळवत नव्हती. तिच्या लुगड्याखालून, सीटच्या कडेनं, थेंब थेंब खाली पडत होतं. गाडीतल्या सगळ्यांना कळलं होतं काय ते.

चंद्रपूरला तिच्या बहिणीच्या नातीचं नामकरण होतं. ते करून आम्ही नागपूरकडं परत येत होतो. हे व्हायच्या आधी मी पुढं जाऊन कंडक्टरला सांगितलं होतं, गाडी थांबव, बाईमाणसाले जायचं आहे. परत एकदा गेलो. "धाब्यावर थांबन काका. मधात नाही थांबत." धाबा यायच्या आधी तिचं व्हायचं ते होऊन गेलं.

समोरच्या सीटवरच्या बाईनं नाकाला ओढणी लावली. "असं असताना घरी राहावं ना माणसानं." तिच्या नवऱ्यानं मागं वळून पाहिलं. आधी माझ्या बायकोकडं. मग माझ्या मांडीवरच्या निळ्या पिशवीकडं. पिशवीवर अशोकचक्र होतं. ते पाहून तो म्हणाला, "जाऊ दे. या लोकांना काही वाटत नाही."

या लोकांना. एक म्हातारी बाई भिजली, आणि त्याला त्यात आमचे सगळे लोक दिसले. हे वाक्य मी लहानपणापासून ओळखतो. बोलणारी तोंडं तेवढी बदलतात. आता ती इस्त्रीच्या कपड्यात असतात.

धाबा आला. कंडक्टरनं सीटचं कव्हर ओढून काढलं आणि तिच्या अंगावर फेकलं. "वो नल है अम्मा. धुऊन दे. धुतल्याशिवाय गाडी निघणार नाही."

मी ते उचलून त्याच्या पायावर फेकलं. "तुह्या मायले असं धुवाले लावशीन काय बे?"

"माही माय गाडीत मुतत नाही."

दोघंतिघं हसले. माझा हात उठला. बायकोनं तो वरच्या वर धरला.

"द्या ते इकडं. तुमचं भांडण होईन, आन् सारी दुनिया मलेच पाहीन."

ती नळाखाली बसली. गुडघ्याचं दुखणं होतं तिला, तरी बसली. भांडी घासायच्या साबणानं तिनं ते कव्हर घासलं. ओलं लुगडं पाठीमागं चिकटलेलं. लोक हातात चहा घेऊन पाहत होते. कव्हर पिळून तिनं कंडक्टरला दिलं. दोन्ही हातांनी दिलं. तिथून नागपूरपर्यंत ती गाडीच्या मागच्या भागात खाली बसून आली. मी पण तिच्या बाजूला खाली बसलो. 

आम्ही कामठीचे. मी चौथी शिकलो. ती शाळेत गेली नाही. जिंदगी पॉवरलूमवर गेली. मी माग चालवायचो, ती सुताच्या कांड्या भरायची. मागाच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पण तिचं हसणं ऐकू यायचं. असं हसायची. मालकसुद्धा म्हणायचा, हिचा एक वेगळा माग आहे.

गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि तिथून तिचं हे सुरू झालं. खोकली की व्हायचं. शिंकली की व्हायचं. वजन उचललं की व्हायचं. हसली की व्हायचं. म्हणून ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मग तेही गेलं.

घरी ते निभत होतं. घर आपलं, मोरी आपली. अडचण बाहेर पडलं की होती. मागाच्या कापडाचे उरलेले तुकडे मी आणायचो. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेले. त्यांच्या घड्या घालून मी हातानं टाके मारायचो. बाहेर जायचं असलं की एक बांधलेलं, बाकीचे पिशवीत, आणि ओले ठेवायला प्लॅस्टिक. प्रवासाला गडद रंगाचं लुगडं. फिकं लुगडं तिनं परत नेसलं नाही.

पोरगा हुडकेश्वरला राहतो. कंपनीत आहे. त्यानं एकदा डायपर आणून दिले. मेडिकलवाल्यानं काळ्या पिशवीत बांधून दिलेले, पोरानंही ती पिशवी न उघडता माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "आईले द्या. मी आणले म्हणून नका सांगू." वापरले तिनं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात मांड्या सोलून निघाल्या. आणि बदलायचे कुठं? स्टॅंडवरच्या संडासात खाली पाणीच पाणी, कडी तुटलेली, पिशवी अडकवायला खिळा नाही. ती दातात पदर धरून, एका हातानं दार दाबून बदलायची. मी बाहेर दाराला पाठ लावून उभा राहायचो, कोणी ढकलू नये म्हणून. एकदा तिथली पैसे घेणारी बाई माझ्यावर ओरडली.

"ओ बाबा, लेडीजपाशी काहून उभे आहात?"

"माही बायको आहे आतमधी."

"सगळ्यांच्याच बायका आहेत आतमधी. हटा तिकडं."

हटलो. दार उघडलं. कोणी तरी आत डोकावलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यात पाहवत नव्हतं.

पण ट्रॅव्हल्सच्या गाडीनंतर तिनं जे केलं, ते सगळ्यात वाईट. तिनं पाणी बंद केलं. रोज नाही. ज्या दिवशी बाहेर जायचं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नागपूरला रक्त तपासायला जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून बंद. सकाळी चहा नाही. ऑटोत बसायची ते कोरड्या तोंडानं. जीभ टाळूला चिकटायची, बोलताना आवाज यायचा. मी म्हणायचो, "अवं पी ना. होईन ते होईन."

"तुमाले काय होते. तुमी कोण्याबी भिंतीपाशी उभे राहता."

मी बाटली परत पिशवीत ठेवायचो. 

पोराच्या घरी गेलो की सून दारातच पाण्याचा ग्लास आणायची. आपली रीतच आहे ती, आल्यागेल्याला आधी पाणी. ही ग्लास घ्यायची. ओठाला लावायची. घोट न घेता खाली ठेवायची, आणि सून आत गेली की माझ्याकडं सरकवायची. दोन्ही ग्लास मी प्यायचो. सुनेच्या ते ध्यानात आलं होतं. ती म्हणायची, "आई, तुम्हाला आमच्या घरचं पाणी चालत नाही का?" ही नुसती 'तसं नाही' अशी मान हलवायची.

आमच्या लोकांना पाण्याला हात लावू दिला नाही. त्या पाण्यासाठी आमच्या लोकांनी डोकी फोडून घेतली. आणि माझी बायको हातात आलेलं पाणी स्वतःच्या हातानं खाली ठेवत होती. लोकांची सीट ओली होऊ नये म्हणून.

मग चंद्रपूरहून फोन आला. तिच्या बहिणीला लकवा मारला. एक बाजू गेली. ही म्हणाली, मी जाते.

नवतप्याचे दिवस, मे संपतानाचं ऊन. कामठीत कुत्रं रस्त्यावर दिसत नव्हतं. मी म्हटलं, पाऊस पडू दे, मग जाऊ. "पाऊस पडेपर्यंत थे जित्ती राहीन काय?" बहीण तिची.  पोराला म्हटलं, गाडी करून दे. तो म्हणाला, मला सुट्टी नाही, रविवारी पाहू. रविवारपर्यंत ती थांबली नाही.

आम्ही साध्या बसनं निघालो. तिनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला. ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा बांधला. मलाही एक दिला. उन्हाची सगळी तयारी तिनं केली. फक्त पाणी प्यायली नाही. आदल्या संध्याकाळपासून नाही.

खिडकीतून वारा यायचा तो भट्टीतून आल्यासारखा. मी बाटली पुढं केली.

"पी."

"उतरल्यावर."

"अवं, बस थांबवतो मी. आता मी थांबवतोच."

"तुमी बसा बरं गुपचूप. माही शपथ आहे."

बाटलीतलं पाणी तिनं दुपट्ट्यावर ओतलं. तोंडात नाही घातलं. पुढं पुढं तिला घाम येणं बंद झालं. मला वाटलं, बरं झालं, थंड वाटत असेल. घाम बंद होणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. ती काहीतरी बोलायला लागली. मागावरच्या बायकांची नावं घेत होती. कांड्या संपल्या म्हणत होती.

चंद्रपूरच्या स्टॅंडवर ती पायरीवरून उतरली आणि खाली बसली. बसली ती बसलीच.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण चांगली होती. सलाईन लावलं, बर्फ लावला. मला विचारलं, "आजींनी पाणी कधी प्यायलं होतं?" मी सांगितलं. "लघवी कधी झाली शेवटची?" ते मला सांगता येईना. ती मान खाली घालून लिहीत राहिली. दुसऱ्या दिवशी बायको गेली. बहिणीचं घर तिथून जवळच होतं. भेट झाली नाही.

नर्सनं तिचे कपडे गाठोडं बांधून माझ्या हातात दिले. मी उघडून पाहिलं. लुगडं, दुपट्टा, कांदा. आणि मी टाके मारलेलं ते कापड.

कापड कोरडं होतं.

तेच तर तिला पाहिजे होतं. पूर्ण प्रवासात एक थेंब नाही. मी ते कापड तोंडाला लावलं आणि तिथंच दवाखान्याच्या फरशीवर बसून बोंबललो. नर्सला वाटलं, म्हाताऱ्याला आता कळलं की बायको मेली. मला दुसरंच काही कळलं होतं.

पोरगा आला. रडला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, कोणी विचारलं तर ऊन लागलं म्हणून सांगा. दुसरं काही नका सांगू. आईची इज्जत आहे."

ऊन तर सगळ्या बसलाच लागत होतं. मेली ती एकटी.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कामठीत विहारात झाला. वंदना झाली. मग आमच्यात रीत असते, एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. शेजारीण म्हणाली, फार स्वच्छ बाई होती. भाचा म्हणाला, मावशी कष्टाळू होती. मग आमच्यातलेच एक रिटायर साहेब उठले. आता मोठ्या कॉलनीत राहतात, कार्यक्रमाला पहिल्या खुर्चीवर बसतात. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "या माउलीने आयुष्यात कोणाला त्रास दिला नाही. जातानाही कोणाला त्रास दिला नाही. असं मरण भाग्याने येतं."

लोकांनी माना हलवल्या. माझा पोरगाही हलवत होता.

मी उठलो. साहेबाच्या हातातून माईक घेतला. बोलायची सवय नाही मला.

"भाग्य नाही साहेब. तहानेनं मेली थे. तिले लघवी थांबत नव्हती. गाडीत झाली म्हणून लोकायनं तिले कव्हर धुवाले लावलं. तवापासून प्रवासात पाणी पेत नव्हती. तुमी म्हणता त्रास नाही दिला. द्याले पाहिजे होता तिनं. गाडी थांबवाले पाहिजे होती. सीट ओली कराले पाहिजे होती. जित्ती राहाले पाहिजे होती."

पोरानं माझा सदरा मागून ओढला. "बाबा, बसा. बस झालं."

साहेब खुर्चीकडं परत जात म्हणाले, "दुःखात माणसाचं भान राहत नाही." कोणी तरी मागून बोललं, "बुढ्याले शोभते काय असं, बायकोचं काढणं?"

मी म्हटलं, "बायकोचं काढून नाही राहिलो. आपलं काढून राहिलो. सगळ्यायच्या घरी कोणी ना कोणी आहे. आज इथं आली नसन थे. का नाही आली, घरी जाऊन विचारा."

 बायकांच्या बाजूला बसलेली एक म्हातारी उठली आणि बाहेर गेली. रागानं गेली की कशानं, मला माहीत नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जेवणं झाली, लोक गेले. पोरगा महिनाभर आला नाही.

आता सत्तरी उलटली माझी. मलाही थांबत नाही. प्रोस्टेट आहे म्हणे. भिंतीपाशी जाईपर्यंत पॅंट ओली होते. मेहुणी अजून आहे, खाटेवर आहे. बहिणीचा चेहरा तिला पाहायला मिळाला नाही, म्हणून मी जातो. माझ्या तोंडाकडं पाहते आणि रडते. बोलता येत नाही तिला.

मी बसनंच जातो. टाके आता स्वतःसाठी मारतो. निघताना घरून पोटभर पाणी पितो, आणि बसमध्ये चढायच्या आधी, लोक ऐकतील अशा आवाजात कंडक्टरला सांगतो, मला लघवी थांबत नाही.

मागच्या खेपेला कंडक्टर नवा होता. म्हणाला, "आजोबा, गाडीले टायमिंग असते."

"मलेबी असते. म्हटलं की थांबवजो."

"नाही थांबवली तं?"

"तं गाडीतच होईन. आन् मी खाली बसणार नाही. सीटवरच बसून राहीन."

 मागून एक जण म्हणाला, "लाज वाटते का बाबा काही?" मी वळून त्याला सांगितलं, "वाटत होती. एक माणूस खाल्लं तिनं माह्या घरचं."

गाडी दोनदा थांबली. लोक कुरकुरले, घड्याळं पाहिली. खाली उन्हात उभं राहायला मला वेळ लागतो, तेवढा मी घेतला. वर चढून सगळ्यांसमोर परत पाणी प्यायलो.

पोराला मी सांगून ठेवलं आहे. मी मेल्यावर विहारात कोणी उठून म्हटलं, म्हाताऱ्यानं कोणाला त्रास दिला नाही, तर त्याच्या हातातून माईक घे. मी त्रास देऊन राहिलो. पाय चालतात तोवर गाड्या थांबवत राहणार.