आतून दार उघडायचं नाही

माझी पिठाची गिरण होती. तिला दार होतं, पण दिवसा ते लावलेलं गावात कुणी पाहिलं नाही. दारात आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, हे मी पोराला शिकवलं आणि त्याच्याकडे डच मुलखात, डीमनला राहायला आल्यावर नातीलाही. आठ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये देते. पण बेल वाजली की खेळ टाकून धावते आणि दार उघडून "या, बसा" म्हणते, ते मात्र मराठीत. कुरिअरवाल्यालासुद्धा. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

तर तिच्या शाळेतनं बोलावणं आलं. मुलगा ऑफिसात, म्हणून सूनबाईबरोबर मी गेलो. वर्गाच्या बाई तरुण होत्या. त्यांनी डचमध्ये सांगितलं, सूनबाईनं मला मराठीत: कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, याचा सराव घेतला होता. दिवे बंद, मुलं कपाटामागं, तोंडातनं आवाज नाही. मग बाई बाहेर गेल्या, दार वाजवलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मीच आहे, उघडा." सगळा वर्ग गप्प. आमची उठली आणि दार उघडलं.

"मग बरोबरच केलं की," मी म्हणालो. "बाईंना बाहेर ठेवील होय?"

"आबा, थांबा ना जरा," सूनबाई म्हणाली.

"थांबा काय? सांग त्यांना. बंदूकवाल्याला फाटकातच धरा म्हणावं. पोरांना कसलं लपायला शिकवता?"

तिनं नाइलाजानं ते डचमध्ये सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "फाटक माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढं एक दार आहे. पोलीस येतील, ते किल्लीनं बाहेरून उघडतील. आतून कुणी उघडायचं नाही."

"आणि तुम्ही खरंच बाहेर अडकलात तर?" मी विचारलं.

"तरी नाही. मी बाहेर राहीन."

चौथी शिकलेला माणूस मी, पण बोलण्यात कुणाला हार गेलो नव्हतो. तिथं हार गेलो. लेकीच्या वयाची बाई, आणि आपण बाहेर राहायचं हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

घरी मुलगा म्हणाला, "आबा, पोर आमचं ऐकत नाही. तुम्ही शिकवलंय, आता तुम्हीच मोडा."

दोन दिवस मी ऐकलं नाही. माझं शिकवलेलं मी का मोडू? पण ती शाळेला निघाली की ते वर्गाचं दार डोळ्यांपुढून हलेना. शनिवारी दुपारी तिला बाथरूममध्ये पाठवलं, आतून कडी घालायला लावली, कुणीही म्हणालं तरी, अगदी मीसुद्धा, उघडायचं नाही असं बजावलं, आणि बाहेर उभा राहिलो.

"बाळा, उघड. मी आलोय."

खट्टकन उघडलं. वर हसली. मी ओरडलो तिच्यावर. आल्या माणसाला दार उघडलं म्हणून मी लेकराला ओरडलो, हे कुणाला सांगू?

पुन्हा कडी. या वेळी चॉकलेटची लालूच दाखवली, नाही उघडलं. गिरणीची गोष्ट सांगतो म्हणालो, नाही उघडलं. शेवटी म्हणालो, "आजोबा पडले गं. पाय मोडला."

आतनं काही नाही.

"झालं बाळा. संपलं. आता खरंच उघड."

काही नाही. श्वाससुद्धा ऐकू येईना. मी दारावर थाप मारली, मग दोन्ही हातांनी मारली. आवाज कापायला लागला होता माझा, आणि तो खरा होता, पण ते तिला कसं कळणार? तिला शिकवलंच ते, की माझा आवाज खरा धरू नको.

सूनबाई आली. इथल्या बाथरूमच्या कडीला बाहेरून खाच असते. तिनं नाणं घालून फिरवली.

पोर वॉशिंग मशीनच्या आडोशाला बसली होती, दोन्ही हात तोंडावर दाबून.

"जमलं?" तिनं मराठीत विचारलं.

"जमलं," मी म्हणालो.

शाबासकीला हात पुढं केला. तिनं आधी मान वाकडी करून माझ्या मागं कोण उभं आहे ते पाहिलं. मग जवळ आली.