डाव्या कडेचा दिवा

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत श्यामसुंदरचा तो सिनेमा न बघितलेला माणूस शोधून सापडणार नाही. नव्या वॉचमनलासुद्धा त्याने घरी बसवून दाखवलाय. करावे गावठाणात त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. केबल टीव्हीने ती गिळली, आता त्या गाळ्यात मोमोज मिळतात. कॅसेटी भंगारात गेल्या, पण अंतराळावरचा एक जुना इंग्रजी सिनेमा त्याने घरी आणला आणि पुढे तो ज्या ज्या रूपात बाजारात आला त्या त्या रूपात विकत घेतला. बायको मीना म्हणायची, आमच्या लग्नाचा अल्बम एक, आणि ह्या सिनेमाच्या प्रती तीन.

तुलना त्याची तोंडपाठ. कॅसेटवर चित्र थरथरतं आणि कडा कापलेल्या. व्हीसीडीवर तोंडांचे चौकोन होतात. डीव्हीडीवर मात्र पूर्ण रुंदीचं चित्र. तिथे शेवटी एकटा उरलेला अंतराळवीर काळ्या पोकळीत तरंगतो आणि पार डाव्या कडेला त्याच्या यानाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. पाहुण्यांना ताकीद असे, त्याच्या तोंडावरून नजर हलवायची नाही. दिवा शोधायचा नाही, तो आपसूक दिसला पाहिजे.

यंदा साफसूफ केलेली नवी ब्लू-रे आली आणि तीत दिवाच नाही. कंपनीने धुता धुता पुसला, असं श्यामसुंदर जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटला. समोरचा हौसेराव म्हणाला, बल्ब उडाला असेल, वायरमन पाठवू का? त्यावरून अबोला.

मीना मात्र हसली नाही. गेले काही महिने ह्याच्या ताटातली डावी बाजू, चटणी-कोशिंबीर, तशीच राहायची. विचारलं तर म्हणायचा, वाढलीस कुठे? परवा स्कूटरही गेटच्या डाव्या खांबाला घासली. पण डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की तो उठून जायचा. त्याचे वडील शेवटची वर्षं भिंत चाचपत वावरले होते.

शेवटी मीनाने पैज लावली.

"जुन्यात दिवा आहे आणि नव्यात नाही, एवढं दाखवा. मी डॉक्टरचं नाव काढणार नाही. दोन्हीत असला तर मुकाट यायचं."

रविवारी दुपारी पडदे ओढले. साक्षीला हौसेराव, मीनाने बोलावलेला. आधी नवी लावली. दिवा लुकलुकला. हौसेरावाने तोंड उघडलं, पण मीनाने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

"बघितलंत? पुसलाय," श्यामसुंदर म्हणाला आणि ऐटीत जुनी डीव्हीडी लावली.

अंतराळवीर तरंगला. श्यामसुंदर वाट बघत राहिला. त्याने चित्र मागे नेलं, पुन्हा बघितलं. आणखी एकदा मागे नेलं. मग रिमोट मांडीवर ठेवला.

"मीना, आत्ता लागला का गं?"

"लागला."

"आणि नव्यात?"

"नव्यातही."

हौसेराव उठला आणि एकही टोमणा न मारता घरी गेला. असं पहिल्यांदाच झालं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर त्याने खाल्ली होती, डावीकडची सगळ्यात जास्त. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून राखायचं, डॉक्टर म्हणाले. लवकर आला असतात तर, असंही म्हणाले आणि अर्ध्यावर थांबले.

त्या संध्याकाळी मीनाने चटणी ताटात उजवीकडे वाढली. ताटातलं डावं-उजवं चुकलं तर जन्मभर कुरकुरलेला हा माणूस. त्याने बोट लावून चाखलं आणि मीठ कमी आहे म्हणाला.

मीनाने मीठ वाढलं. तेही उजवीकडेच.