शकुबाईच्या टोपल्यातली राख

पुसेगावात मागं एक गोष्ट कानोकानी फिरली होती: शकुबाई परसातल्या वांग्यांना मसणातली राख घालते. सांगणारी बाई आधी दाराबाहेर डोकावून बघायची, मग पदर तोंडाशी न्यायची आणि मग सांगायची. पुरुष पदराशिवायच सांगायचे. "म्हणून तर तिची वांगी तशी चमकतात," एवढं पुढं जोडलं की ऐकणारा भंडाऱ्यात खाल्लेली भाजी आठवून थुंकायचा.

गोष्ट निघाली मिराबाईच्या तोंडून. मिराबाई शकुबाईची धाकटी जाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा दोघींच्या परसांमध्ये बोराटीचं कुंपण घातलं गेलं, आणि पुढं दोघींनी ते इतक्या निष्ठेनं राखलं की गावातल्या देवळाची भिंतसुद्धा कोणी तशी राखली नाही.

शकुबाईच्या हाताला गुण होता, जिभेला नव्हता. ती झाडांशीही शिव्या देऊनच बोलायची. "वाढ की मुडद्या, नुसतं पाणी पिऊन राहिला," असं ऐकू आलं की समजावं, मिरचीला पाणी चाललंय. पावसाळ्यात तिचा दोडका कुंपणावर चढायचा आणि शेंडा मिराबाईच्या बाजूला लोंबायचा. मिराबाई तो खुडायची. शकुबाई अलीकडून म्हणायची, "खुडा माय, खुडा. शेंडा खुडला की फुटवे येतात. फुकटचा मजूर मिळाला मला." पुढच्या पावसाळ्यात मिराबाईनं शेंडे सोडून दिले आणि लोंबलेली दोडकीच कापून नेली. मग गौरी-गणपती संपेस्तोवर एकच वाद: वेल जिच्या परसात तिचं फळ, का फळ जिच्या परसात लोंबलं तिचं. शकुबाईचा नवरा ग्यानबा मध्ये पडला नाही. तो कशातच मध्ये पडत नसे, म्हणून तर टिकला.

हिवाळ्यात वांगी, मेथी, कुंपणाच्या कडेनं अंबाडी. उन्हाळ्यात सगळ्यांची परसं भाजून निघायची, तेव्हा शकुबाईच्या आंघोळीच्या पाण्यावर गवार आणि चुका हिरवागार. वाटून मात्र कोणाला देणार नाही. मागायला गेलं तर म्हणायची, "तुमच्या घरी लोक आंघोळी करत न्हाईत व्हय?" त्यामुळं गल्लीत तिला कोणी हळदी-कुंकवाला बोलवत नसे. तिचा मान वर्षातून एकच दिवस. दत्तजयंतीच्या भंडाऱ्याला घरोघरची भाजी यायची, पण कढईत पहिलं टोपलं पडायचं ते शकुबाईच्या वांग्यांचं. ती नवी सून होती तेव्हापासूनची ही रीत. त्या सकाळी ती टोपलं डोक्यावर घेऊन निघाली की शेजारणी, मनात काही असो, वाट सोडून बाजूला व्हायच्या. त्या एका सकाळीसाठी बाई वर्षभर मातीत राबायची.

आणि नेमकं त्यावरच मिराबाईनं बोट ठेवलं.

त्याला कारण गॅस. शकुबाईकडं सिलिंडर आला त्या दिवशी तिनं घरातली आणि न्हाणीतली, दोन्ही चुली फोडल्या, माती कुंपणाशी नेऊन ओतली आणि मोठ्यानं म्हणाली, "धुरानं डोळे फुटले माझे. आता ज्याला हौस त्यानं फुंकावी." पलीकडं मिराबाई पाणी तापवायला न्हाणीची चूलच फुंकत होती. मिराबाई लगेच उत्तर देणाऱ्यांतली नव्हे. ती बोलणं लोणच्यासारखं मुरवते.

मार्गशीर्षात वांग्यांवर माव्याची कीड पडते. त्यावर आपल्याकडं पानांवर दव आहे तोवर राख उधळतात, म्हणजे ती चिकटते. शकुबाईच्या झाडांवर रोज सकाळी पांढरी राख दिसायला लागली. आणि एका पहाटे मिराबाईनं तिला ओढ्याच्या वाटेनं, मसणाच्या अंगानं, येताना पाहिलं. डोक्यावर टोपलं, वर जुन्या लुगड्याचा तुकडा. वरच्या गल्लीतलं एक म्हातारं नुकतंच गेलं होतं. त्याची राख सावडून दोन दिवसही झाले नव्हते. मिराबाई गिरणीवर दळण घेऊन गेली आणि तिनं फक्त एक प्रश्न विचारला: "चुली फोडलेल्या बाईकडं राख आली कुठून?"

दळण निघायच्या आत उत्तर गावभर झालं.

भंडाऱ्याच्या सकाळी शकुबाई टोपलं घेऊन निघाली तेव्हाही शेजारणी बाजूला झाल्या, पण जरा जास्तच. कढईपाशी सोनाजी आचारी होता.

"वैनी, टोपलं जरा तिकडं ठेवा."

"काहून? वांगी चावून राहिली का तुला?"

"तसं न्हाई. लोक बोलून राहिले."

"लोक तर तुझ्या रश्श्यालाबी बोलतात. तू करायचा थांबला का?"

दोघं-चौघं हसले. सोनाजी नाही हसला. "एकच सांगा. राख कुठली? घर सांगा, आत्ता पहिलं टोपलं तुमचंच टाकतो."

मिराबाई लसूण सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "सांगा की, बाई. समद्यांसमोर सांगा. तकलीफ काय त्यात?"

पाण्याच्या टाकीपाशी ग्यानबा उभा होता. जन्मात पहिल्यांदा तो मध्ये पडला. "सांगून टाक, शके."

शकुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग कढईकडं, मग बराच वेळ मिराबाईकडं.

"मसणातली," ती म्हणाली. "लई गुणाची असती. मिरे, वेळ आली की तुझीबी नेईन. पर तुझ्या राखेवर वांगी धरतील का, ते बघावं लागल."

लसूण सोलणारे सगळे हात थांबले. सोनाजीनं टोपलं उचलून पाराच्या खाली ठेवलं. शकुबाईनं ते पुन्हा डोक्यावर घेतलं आणि आल्या वाटेनं घरी गेली. त्या वर्षी पहिलं टोपलं पडलं मिराबाईचं. अर्धी वांगी किडकी निघाली, आणि ती तिनं स्वतःच चिरली.

पुढच्या साली शकुबाईला कोणी टोपलं मागितलं नाही, तिनंही नेलं नाही. त्याच्या पुढच्याही साली नाही. वांगी मात्र तशीच चमकत राहिली आणि ग्यानबा ती खात राहिला. सकाळी भाजी, संध्याकाळी भरीत. पोळ्याच्या दिवशी पारावर कोणी त्याला वांग्याची भजी पुढं केली, तेव्हा त्याला राहवलं नाही आणि त्यानं बायकोचं गुपित सांगून टाकलं.

गल्लीचे उकिरडे ओढ्याकाठी, मसणवाटेला लागून आहेत. मिराबाई आपल्या न्हाणीच्या चुलीची राख रोज तिथं नेऊन टाकते. शकुबाई पहाटे तीच भरून आणायची.