विहिरीचा दोर कुणी नेला

गेम खेळणाऱ्यांचा मला राग यायचा. सरळ लिहिते. कामगार संघटनेत पत्रकं वाटायला माणसं मिळायची नाहीत आणि सुरतेच्या गोडादऱ्यातली पोरं ओट्याओट्यावर मोबाइलवर बंदुका चालवत बसलेली. त्यांच्यावर मी एक पत्रकच लिहिलं होतं, ‘पडद्यावरच्या शूरांनो, खात्यात मान खाली का?’ असल्या मथळ्याचं. तेव्हा वाटलं होतं, काय जबरी लिहिलंय. एकाही पोराने ते वाचलं नाही, हे त्यांचं बरोबरच होतं.

मग गेम आमच्याच घरात आला.

खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागाचा कारखाना, सुरतेत सगळे तसंच म्हणतात. माझा मोठा भाऊ सतराव्या वर्षापासून खात्यात. मजुरी मीटरवर, म्हणून धागा तुटला की मशीन चालू ठेवूनच गाठ मारायची. हे कुणी शिकवत नाही आणि आठवड्यात सगळ्यांना येतं. गेल्या वर्षी तशीच गाठ मारताना दादाचा हात गियरमध्ये गेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दवाखान्यातून आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आई ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. पत्रकं तयार करायला संघटनेने मला एक जुना कॉम्प्युटर दिला होता, तो आमच्या पुढच्या खोलीत. गल्लीतला दुरुस्तीवाला एकदा त्याचा पंखा साफ करायला आला, त्याने दादाकडे बघितलं आणि काही न विचारता एक गेम टाकून दिला. म्हणाला, “डाव्या हाताला माउसची सवय होईल.”

तो मारामारीचा गेम नव्हता. म्हणजे तलवार होती, पण ती फार कामाला यायची नाही. त्यात आपण एक वाटसरू व्हायचं, गावोगाव फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. काय बोलायचं ते समोर आलेल्या तीन-चार वाक्यांतून निवडायचं. सगळं इंग्रजीत. दादा मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेला, त्यामुळे मी घरात असले की हाक ठरलेली.

“ए पुढारीणबाई, ये इकडं. ही म्हातारी काय म्हणायलीय?”

मी पत्रकाचं काम सोडून वैतागत जायचे.

ती म्हातारी एका नदीकाठच्या गावातली. सकाळी विहिरीवर पाणी काढायची, दुपारी भिंतीच्या सावलीत बसायची, दिवस मावळला की कडी लावायची. दादा एकदा खेळ चालू ठेवून जेवायला उठला, तेव्हा मी पडद्यासमोर बसून होते. तिच्याकडे बघायला कुणी नव्हतं. तरी ती उठली, बादली घेतली आणि विहिरीवर गेली.  आपण नसतानाही हिचं काम चालूच.

पहिल्या भेटीत तिने दादाला पाव दिला. मी भाषांतर केलं, “म्हणते, थकलेला दिसतोस, खा.”

“एवढंच? चार ओळी दिसायल्यात.”

“बाकी फालतू आहे.”

“फालतू हाय का न्हाय ते मी बघतो. तू सगळं सांग.”

म्हणून वाचलं. तिचा मुलगा नावेवर कामाला गेला होता, निरोप नव्हता. पाव ती रोज त्याच्यासाठी भाजायची आणि संध्याकाळी येईल त्याला देऊन टाकायची. दादाने तो पाव खाल्ला नाही. पिशवीत टाकला. शेवटपर्यंत तो तिथेच होता, मी बघितलाय.

असले गेम खरे का वाटतात यावर पोरं तासन् तास बोलतात. पाण्यात आभाळ दिसतं, घोड्याच्या मानेवरचे केस हलतात. आमच्या कॉम्प्युटरवर तर पाणी ठोकळ्यासारखं दिसायचं. तरी माझा भाऊ त्या गावात धावायचा नाही, चालायचा. “गावात कोन पळतं का?” म्हणायचा. खुर्चीत बसल्यावर त्याची पाठ सरळ व्हायची. घरात तो एवढा कधीच जागा नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. कारण त्याच महिन्यात लेबर ऑफिसमध्ये त्याचा जबाब होता, आणि त्याविषयी तो माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता.

भरपाई मिळणार की नाही ते त्या जबाबावर होतं. गियरवर पत्र्याचं झाकण असतं, ते त्या दिवशी नव्हतं. ते कुणी काढलं, एवढाच प्रश्न. मी त्याला न विचारता पत्रक लिहून टाकलं होतं: ‘मालकाने झाकण काढले, कामगाराची बोटे तोडली!’ पार शेजारच्या नवागामपर्यंत वाटलं. लोक थांबून वाचत होते. मी खूश होते.

मग ते विहिरीचं झालं.

गेममध्ये जे उचलता येतं ते उचलायचं, ही सगळ्यांचीच सवय. दादाने विहिरीवरचा दोर उचलला. पुढे एका दरीत उतरायला तो कामाला आला. बऱ्याच दिवसांनी, म्हणजे गेममधल्या दिवसांनी, तो त्या गावात परतला. म्हातारीचं दार उघडं होतं. चूल थंड. शेजारच्या लोहाराशी बोलल्यावर त्याने जे सांगितलं ते मी वाचलं. विहिरीचा दोर कुणीतरी नेला. म्हातारी पाण्याला नदीवर जायला लागली. काठ निसरडा.

बस्स. कुठला आवाज झाला नाही, पडद्यावर लाल अक्षरं आली नाहीत. तू चूक केलीस असं कुणी म्हणालं नाही. लोहार ऐरणीजवळ उभा राहिला आणि खाली तीन वाक्यं आली: वाईट झालं. मला काही माहीत नाही. दोर मी नेला.

“पहिलं दाब,” मी म्हणाले. “नाहीतर मागचं लोड कर ना. दोर उचललाच नाहीस असं होईल. दोन मिनिटांचं काम.”

“आन् मग?”

“मग ती जिवंत.”

“तिच्यासाठी ठीकाय. मला तर म्हाइतच राहील की.” त्याने माउसवरचा हात काढला. “मागं जाऊन पुसायचं असंल तर मग त्या गावात मी गेलो कशाला?”

त्याने तिसरं वाक्य दाबलं.  लोहार पाठ फिरवून घण मारायला लागला. दादा विहिरीवर गेला, पिशवीतून दोर काढला. तो बांधता येत नव्हता, तशी सोयच गेममध्ये नव्हती. फक्त जमिनीवर टाकता येत होता. त्याने टाकला.

आणि पडद्याकडेच बघत म्हणाला, “झाकण मी काढलं होतं.”

मला आधी वाटलं, गेममधलंच काहीतरी बोलतोय.

“गियरचं. पान्यानं. तू पत्रकात लिवलंस मालकानं काढलं. मी काढलं. सगळ्यांनीच काढलेत. झाकणाखाली धाग्याचा कचरा अडकतो. ते खोलायचं, साफ करायचं, परत लावायचं, तेवढा वेळ मशीन बंद. खात्यावर नजर ठेवणारा मास्तर आईवरून शिव्या देतो.”

“झाकणं कुठायत?”

“भिंतीला टांगलीत. देवाच्या फोटोखाली. शेठ रोज सकाळी तिथंच अगरबत्ती लावतो.”

आता विचार केला तर हेच पत्रक होतं. मालक रोज सकाळी झाकणांसमोर हात जोडतो. याहून मोठा पुरावा काय असतो? पण मी घाबरले. आधीचं पत्रक वाटून झालं होतं, लोकांनी मान डोलावली होती.

“हे लेबर ऑफिसात साहेबासमोर बोलायचं नाही,” मी म्हणाले. “मालकाने काढलं. एकच वाक्य. बाकी गप्प.”

तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदा. “गेम तीन वाक्यं तरी देतो, तू एकच देतीस व्हय. ते बी माझं न्हाय.”

जबाबाच्या दिवशी लेबर ऑफिसात आम्ही दुपारी गेलो. साहेब, समोर मी आणि दादा, बाजूला शेठचा मेताजी, म्हणजे हिशेब आणि बाकी भानगडी बघणारा माणूस. तो फोनवर बोट फिरवत होता.

“कवर किसने निकाला?” साहेबाने विचारलं.

मी दादाच्या तोंडाकडे बघत होते.  लोहारासमोर माउसवरून काढला होता तसा त्याने डावा हात टेबलावरून काढला.

“मैंने,” तो म्हणाला. मेताजीचं बोट थांबलं.

“मैंने निकाला, साहब. सबने निकाला है. दीवार पे टंगे हैं, भगवान के फोटो के नीचे. सेठ रोज वहीं अगरबत्ती करता है, देखता है. लगाएँगे तो मशीन रोकनी पड़ेगी. रोकने कौन देता है?”

इतकं सलग तो वर्षभरात बोलला नव्हता. साहेब लिहीत होता. लिहून कागद फिरवून पुढे सरकवला. मी सुरतेत वाढलेली, गुजराती वाचता येतं. कागदावर एकच ओळ होती. झाकण मी स्वतः काढले होते.

“साहेब, बाकीचं?”

“बेन, जे पूछ्युं एनो जवाब लखी लीधो. बाकीनुं बधुं फालतू छे.”

विचारलं तेवढं लिहिलं, बाकीचं फालतू. मी खुर्चीतून उठले होते, भांडायला. तो शब्द ऐकला आणि परत बसले. नंतर भांडले, भरपूर भांडले. वेगळा अर्ज द्या, असं सांगण्यात आलं. मी दादाला म्हणाले, सही करू नकोस.

“मी बोललो न्हाई का ते?” तो म्हणाला, आणि डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

तपासणीला माणूस गेला तेव्हा सगळी झाकणं मशीनवर होती. भिंतीवर देवाचा फोटो आणि खाली रिकामे खिळे. निकालात लिहिलंय की कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. आम्ही दिलेला वेगळा अर्ज अजून कुठल्या तरी फायलीत आहे. झाकणं आठवड्याभरात परत भिंतीवर गेली, दादाच्या खात्यातल्या जोडीदाराने सांगितलं.

मी नवीन पत्रक लिहिलं. पहिली ओळ: ‘झाकण मी काढलं.’ खाली दादा जे बोलला ते सगळं, त्याच्याच शब्दांत. संघटनेतले ज्येष्ठ म्हणाले, “हे पत्रक तर मालकच फुकट वाटेल.” त्यांनी छापलं नाही. मी झेरॉक्स काढल्या आणि पाळी बदलायच्या वेळी खात्याच्या फाटकावर उभी राहिले. बहुतेकांनी घडी करून खिशात घातलं. एक कारागीर मात्र थांबला. दादाच्याच वयाचा, लूमच्या खडखडाटापायी कानात कापसाचे बोळे. शेवटपर्यंत वाचलं.

“खरंय,” तो म्हणाला. “माझं बी मीच काढलं. पन बेन, झाकन लावून मीटर कमी पडले तर तू इनून देनार का?”

 तो आत गेला.

घरी दादा पडद्यासमोर होता. म्हातारीच्या गावातच होता, पुढे गेलाच नव्हता. विहिरीजवळ दोर पडलेला. त्याने मान न वळवता विचारलं, “काय म्हनले लोक?”

चांगलं म्हणाले, असं सांगून मोकळी होणार होते. मग स्टूल ओढून शेजारी बसले आणि त्या माणसाचं सगळं सांगितलं. कापसाचे बोळेही सांगितले.

 पडद्यावर दिवस मावळला. म्हातारीचं दार उघडंच होतं. कडी लावणारं कुणी नव्हतं.