त्यांचं फिरणं, माझे गुडघे

माझ्या नवऱ्याने बत्तीस वर्षांत सकाळचं फिरणं क्वचितच चुकवलं असेल. जानेवारीतलं धुकं असो नाहीतर मे महिन्यातली गरम हवा, साडेपाचला कॅनव्हासचे बूट चढवून ते बागेत निघायचे. आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. सात वाजता ते परत आले की टेबलावर मोड आलेले मूग आणि लिंबूपाणी लागायचं. तोवर मी चार डबे भरलेले असायचे. उन्हाळ्यात पाणी वर चढायचं नाही, तेव्हा खालच्या नळावरून बादल्याही आणलेल्या असायच्या.

लग्नाआधी साताऱ्याकडे शाळेत मी खो-खो खेळायचे. पळणं मला नवीन नव्हतं. म्हणून धाकटा मुलगा वर्षाचा झाल्यावर एकदा म्हटलं, "उद्या मीपण येते तुमच्याबरोबर."

ते बुटाची नाडी बांधत होते. "ये की. डबे आणि मुलांचं दूध तेवढं आधी उरकून घे."

नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. चारला उठून मी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ऑफिसात फाइलींवर डोकं ठेवून झोपले. साहेबांनी सगळ्यांसमोर उठवलं. माझं फिरणं तिथेच संपलं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी उजवा गुडघा सुजला. जिना चढताना रडू यायचं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "एक्सरसाइज़ कभी नहीं की, माताजी?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "डॉक्टर साहब, मैं तो तीस साल से कह रहा हूँ. सुनती ही नहीं."

दोघं हसले. परतताना ऑटोत मी तोंड फिरवून बसले. त्यांना वाटलं, गुडघा दुखतोय.

दोघंही रिटायर झाल्यावर आम्ही गुरुग्रामला मुलाकडे राहायला आलो, अकराव्या मजल्यावर. तिथे सुनेने माझ्यासाठी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी शोधली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, पाय दाबायचा, दहा मोजायचे. दोन महिने मी पलंगावर तेवढंच केलं. मग घरातल्या घरात चालले, मग खाली बिल्डिंगभोवती. पहिल्यांदा न थांबता एक पूर्ण फेरी झाली तेव्हा ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मला आनंद झाला नाही. राग आला. एवढंच लागत होतं? रोजचा अर्धा तास? आणि तो तीस वर्षांत मला मिळू नये? मी मागितला एकदाच. पुन्हा मागितला नाही, हेही मला टोचत राहिलं.

त्याच हिवाळ्यात सोसायटीत ज्येष्ठांचा कार्यक्रम होता. यांना स्टेजवर बोलावलं. पासष्टीचा माणूस ताठ चालतो, ना शुगर ना बीपी, त्याचं रहस्य सांगा म्हणून. यांनी माइक हातात घेतला. "बस, डिसिप्लिन. आदमी ठान ले तो समय निकल ही आता है."

माझ्या शेजारी बसलेल्या बाई कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिले.

"इनसे यह भी पूछिए," मी मोठ्याने म्हटलं, "कि इनका समय निकलता कहाँ से था."

सगळे खो-खो हसले. भाभीजींचा सेन्स ऑफ ह्यूमर काय मस्त आहे म्हणाले. हेही हसले, पण कान लाल झाले होते.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

"लोकांसमोर असं बोलायची काय गरज होती?"

"खोटं होतं का?"

"खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाही. माझी चेष्टा झाली."

"माझी डॉक्टरांसमोर झाली होती."

"कुठल्या डॉक्टरांसमोर?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या माणसावर मी इतकी वर्षं चिडून आहे, त्याच्या गावीही ती गोष्ट नाही.

आता मी सकाळी सहाला खाली उतरते. नाश्ता तुमचा तुम्ही बघा, असं सांगून टाकलंय. ते चहात बिस्किटं बुडवून खातात आणि सुनेला ऐकवतात, "तुझी सासू हल्ली फार स्वार्थी झालीय." ती मला येऊन सांगते आणि हसते. मला हसू येत नाही.

सूज उतरली आहे. पण मांडी घालून बसणं आता व्हायचं नाही, असं त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने स्पष्ट सांगितलंय. "आंटी, बीस साल पहले आतीं तो बात अलग थी," म्हणाली. तिच्यावर मी उगाच खेकसले. दुसऱ्या दिवशी तिला सॉरी म्हटलं आणि पुढचा व्यायाम शिकून घेतला.