साडूंचा अखंड निबंध

पूर्ण पगार मिळाला म्हणून तक्रार करणारा माणूस उभ्या बेळगावात एकच झाला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. अण्णा वडगावच्या विणकराच्या घरातले. घरी मागावरून साडी उतरली की मजुरी, नाही उतरली तर नाही. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायला लागले त्या पहिल्या महिन्यात शोधनिबंध एकही उतरला नव्हता, तरी पगार आला. अण्णा थेट ऑफिसात गेले. "शिकवल्याचं ठेवून घेतो, संशोधनाचं कापून घ्या," म्हणाले. क्लार्क बिचारा समजुतीनं बोलला, "सर, हितं पगार निबंध बघून न्हाय, तारीख बघून हुतोय."

दुसरा कोणी गप्प घरी गेला असता. अण्णांच्या डोक्यात मात्र किडा शिरला. प्राध्यापक लिहितो म्हणून त्याचा पगार वाढतो, की पगार वाढावा म्हणून तो लिहितो? त्यांनी यावरच संशोधन आरंभलं. लग्नाच्या पंगतीत शेजारी प्राध्यापक सापडला की जिलेबी वाढायच्या आत विचारणार, "पगार किती, आन् लिवता किती?" सांबऱ्याच्या एका लग्नात तर दोघे जण यांना येताना बघून मठ्ठा न पिताच उठले.

पुढं बढतीची वेळ आली. तिला चार-पाच छापील निबंध हवेत आणि अण्णांचा एकच, तोही अर्धा. सहकारी म्हणाले, त्याचेच तुकडे करून छापा. आमच्या मेव्हणीबाईंना, म्हणजे आक्कांना, अनगोळच्या घरावर मजला चढवायचा होता आणि सगळी भिस्त त्या बढतीवर. "करा की तुकडे, कोन बघतंय?" त्या म्हणाल्या.

"साडी कापून कुनी रुमाल इकतंय व्हय?" अण्णा म्हणाले. "आन् ह्येच छापून माझा पगार वाढला, तर माझ्या अभ्यासात मीच घावलो की."

बढती गेली, मजलाही गेला. आक्कांनी बरेच दिवस अबोला धरला, आणि खरं सांगायचं तर मीही अण्णांवर चिडलो होतो.

निवृत्तीनंतर तो निबंध अखेर छापून आला. काय निघालं, मी विचारलं. "बढतीपातूर लई लिवत्यात. बढती झाली की पेन गार," अण्णा म्हणाले. परवा गेलो तर स्वारी पुन्हा लिहीत बसलेली.

"आता तर पगारबी न्हाय," ते म्हणाले, "तरी हात थांबंना. ह्ये कशानं रं?"

ते खरोखर मलाच विचारत होते. आतून आक्काच म्हणाल्या, "आधी तरी पगारासाठी कुठं लिवत हुता?"

त्या आवाजात मी जुना राग शोधला. तो नव्हता. अण्णा दाराकडं बघत राहिले, आणि मला त्या दोघांविषयी फार माया दाटून आली.