काट्यांवरचं कुंकू

सासऱ्यांची अट सरळ होती. नेरहून यवतमाळपर्यंत मी जीप नेऊन दाखवायची. वाटेत बंद पडली, तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. "बाईच्या जातीले हे कायले पाह्यजे?" असं ते भर पंगतीत म्हणाले होते. मी भाजी वाढत होते. वाढता वाढताच म्हटलं, "नेईन ना, मामाजी."

गाडी नवऱ्यानं शिकवली होती, उन्हाळ्यात, रिकाम्या वावरात. पण मला खरं वेड लागलं ते समोरच्या तबकड्यांचं. त्यांवरची इंग्रजी अक्षरं मी एकेक जुळवून वाचली. फ्युएल म्हणजे पेट्रोल, टेंप म्हणजे इंजिनाचा ताप. मुकी गाडी म्हणे! चांगली बोलते. वाचणारं माणूस पाहिजे.

दसऱ्याला सासूबाईंनी जीपची पूजा केली, औताची करतात तशीच मन लावून. प्रत्येक तबकडीच्या काचेवर ओल्या हळदकुंकवाचा ठसठशीत टिळा. आमच्याकडे पूजेचं कुंकू पुसत नाहीत, आपोआप झडलं तर झडलं. दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा ते वाळून घट्ट बसलं होतं आणि एक काटा दिसेल तर शपथ. नवरा कापसाच्या जिनिंगच्या कामाला गेलेला. गाडीत शेजारी सासरे, मागे सासूबाई.

अर्ध्या वाटेत चढावर गरम रबराचा वास आला.

"मामाजी, वास येऊन राह्यला."

"गाडी हाय, वास येणारच. तू समोर पाह्य."

मी पदराचं टोक धरलं आणि टेंपची काच घासली. सासूबाई मागून ओरडल्या, "अवं, पूजा पुसून राह्यली काय?"

"देवाले कुंकवाआडूनही दिसते, आत्याबाई. मले नाही दिसत."

काटा पार शेवटाला टेकलेला. थांबले तर अट जाणार, न थांबले तर इंजिन. असा संताप आला मला! त्या अटीचा, त्या पंगतीचा, खाली मान घालून हसणाऱ्या सगळ्यांचा. जीप कडेच्या निंबाखाली घेतली, बंद केली, किल्ली काढून कमरेला खोचली.

"पडली ना बंद!" सासरे म्हणाले.

"पडली नाही. मी केली."

इंजिन निवेपर्यंत वाट पाहिली. मग ओल्या गोणपाटानं रेडिएटरचं झाकण उघडलं, पुढे टांगलेल्या छागलीतलं सगळं पाणी आत ओतलं. गाडी सुरू केली तेव्हा काटा आपल्या जागी आला होता. यवतमाळात नणंदेच्या दारापर्यंत तो तिथून हलला नाही.

सासरे उतरले. "थांबली म्हंजे थांबली. अट ते अट," म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

मी त्या हातात रिकामी छागल दिली. "भरून ठेवा, मामाजी. सकाळी मलेच न्यायची हाय परत."

त्यांनी छागल खांद्याला अडकवली. मग विहिरीकडे गेले.